एकोणतीस

दात सफरचंदातच राहिला. मी चौकात, पायी जाणाऱ्यांच्या लाल दिव्याखाली उभा होतो आणि समोरच्या खांबावरची पाटी वाचत होतो. ‘सावधान, पुढे रस्त्याचे काम चालू आहेत.’ काम एक आणि आहेत अनेक. ते ‘आहेत’ मनातल्या मनात दुरुस्त करण्यात मी इतका गुंतलो की सफरचंदाचा घास जरा जास्तच मोठा घेतला गेला. कट् असा बारीक आवाज झाला. दुखलं काहीच नाही. पाहतो तर पांढऱ्या गरात माझा वरचा पुढचा दात उभा, अगदी ताठ, वर्षानुवर्षं तिथंच राहायला असल्यासारखा. दिवा हिरवा झाला. माणसं मला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढं गेली, बाबागाडी ढकलणारी एक बाई ‘चला ना काका’ म्हणाली, आणि मी हातातल्या फळाकडे बघत उभाच. बारा वर्षांपूर्वी या दाताची नस काढून टाकली होती, तेव्हापासून तो नुसती हजेरी लावत होता. तरी स्वतःचा दात असा परक्यासारखा, मागून बघायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही. मागच्या बाजूला त्याच्यावर पिवळट डाग होता. इतकी वर्षं रोज दोनदा घासूनही तो माझ्या नजरेतून सुटला होता. पहिला विचार मनात आला तो दात गेल्याचा नव्हता, डाग राहिला कसा याचा होता.

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात बायकोनं मला छिद्रान्वेषी म्हटलं होतं. तिनं भिंतीवर एक चित्र लावलं आणि दोन पावलं मागं येऊन मोठ्या उत्साहानं विचारलं, कसं दिसतंय. मी म्हटलं, डावीकडून अर्धं बोट खाली आहे. ते होतंच खाली. तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शाळेत कधीतरी पाठ केलेला तो शब्द शोधून काढला. छिद्रं शोधत फिरणारा. पुढं मला या प्रयोगशाळेत काम मिळालं, आणि मी घरी येऊन सांगितलं की यापुढं माझं काम म्हणजे एका पांढऱ्या पावडरमधली भोकं मोजायची, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ‘चला, म्हणजे आता हे रीतसर कामच झालं,’ ती म्हणाली, ‘निदान घरी तरी सुट्टी घ्या.’ सुट्टी मी घेतली नाही. माणसाला जे जमतं ते तो कुठंही करतो. घरातल्या डब्यांच्या चिठ्ठ्या, भाच्याच्या लग्नपत्रिकेतली वेलांटी, सोसायटीच्या सूचनाफलकावरची तारीख, सगळ्यांची मी मनापासून काळजी घेतली. लोक मला बघून कागद उलटा ठेवतात हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर लागला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रुमालात सफरचंद, सफरचंदात दात, आणि माझी जीभ राहून राहून त्या रिकाम्या जागेत. जिभेला ती जागा केवढी मोठी वाटत होती. एक कड धारदार, एक मऊ, वर हिरडीची उबदार कमान. खिडकीच्या काचेत ओठ उचलून पाहिलं तर जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट. पण जीभ म्हणत होती, इथं एक खोली आहे, तू आजवर मला सांगितलं नाहीस. मी जिभेनंच उरलेले मोजायला घेतले. अक्कलदाढा दोन तरुणपणीच काढल्या होत्या, म्हणजे कालपर्यंत तीस. आता एकोणतीस. मोजदाद चोख जुळली आणि मला उगाचच बरं वाटलं, आणि मग अकरा वाजताची आठवण झाली आणि ते बरं वाटणं गेलं. अकरा वाजता संचालकबाई येणार होत्या. आमच्या दोन खोल्यांमध्ये चाललेलं काम पुढं चालू ठेवायचं की त्या खोल्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या, हे त्या आज ठरवणार होत्या. आणि मला तोंड उघडून त्यांना सगळं समजावून सांगायचं होतं.

समजावून सांगायचं म्हणजे काय, तर मातीत काही जिवाणू असतात. पिकांवर फवारलेलं विष त्यांच्या अंगावर आलं की त्यांच्यातला एक एन्झाइम ते विष पकडतो आणि मधोमध तोडून टाकतो. आम्हाला शाळेत एन्झाइमला विकर म्हणायला शिकवलं होतं, तो शब्द परीक्षेनंतर कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. तर हा एन्झाइम कामाला वाघ, पण तब्येतीनं नाजूक. जरा ऊन लागलं की मान टाकतो. म्हणून त्याची नक्कल करायची. धातूच्या बारीक गाठी घ्यायच्या, त्यांना काड्यांनी एकमेकींशी जोडायचं, म्हणजे एक पिंजरा तयार होतो, पिंजऱ्याला लागून दुसरा पिंजरा, असे अब्जावधी. बाहेरून दिसते ती नुसती पांढरी पावडर. पण चिमूटभर पावडरच्या आतल्या भिंती उलगडून अंथरल्या तर आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांच्या फरश्या झाकल्या जातील. ही पावडर पाण्यात टाकायची, विषानं पिंजऱ्यात शिरायचं, आत धातूनं त्याला पकडून तोडायचं. अशा पावडरचे दहा घाणे मी गेल्या तीन वर्षांत काढले. नववा तर इतका देखणा होता की सूक्ष्मदर्शकाखाली बघताना माझा ऊर भरून आला होता. एकही काडी जागची हललेली नाही, एकही कोपरा तुटलेला नाही. फक्त तो काम करत नव्हता. म्हणजे करायचा, पण सकाळी टाकलेलं विष तुटायला दुपारचं जेवण होऊन जायचं. संचालकबाई म्हणाल्या होत्या, मला बैठकीच्या वेळात काहीतरी होताना दिसू दे.

फोन वाजला. बायकोची मधली सुट्टी झाली होती, ती बालवाडीत शिकवते. ‘अहो, सफरचंद खाल्लंत का?’ मी म्हटलं, खाल्लं, पण त्यानंही मला थोडं खाल्लं. ‘ही शिट्टी कसली वाजतेय?’ तिनं विचारलं. मी सांगितलं. ती फोन बाजूला धरून हसत होती हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं कळलं. ‘दुखत नाही ना?’ ती सावरून म्हणाली. ‘मग काही नाही हो. माझ्या वर्गात तुमच्यासारखे सातजण आहेत. सगळे मजेत असतात. पाणी पिताना त्या फटीतून चूळ लांब उडते म्हणून एकमेकांशी स्पर्धा लावतात.’ मी म्हटलं, मला आज भाषण करायचंय. ती म्हणाली, ‘मग कमी बोला. त्या पोरीला बोलू द्या.’ त्या पोरीचं आदल्या दिवशी काय झालं होतं ते मी घरी सांगितलं नव्हतं.

ती पोरगी म्हणजे माझी सहकारी, सत्तावीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे आलेली. मनातल्या मनात मी तिला घाईबाई म्हणायचो. दार उघडायच्या आधीच आत येणारी, वाक्य संपायच्या आधी मान डोलावणारी. हुशार, पण माझ्या हिशेबानं हुशारी आणि घाई एका टेबलावर ठेवू नयेत. सुरुवातीला ती वहीत आकड्यांच्या शेजारी काहीबाही लिहायची. ‘आज पावडर फार सुंदर पडली.’ ‘व्हिनेगरच्या वासानं भूक लागली.’ मी लाल पेन्सिलीनं खाली रेघ मारून ‘अनावश्यक’ लिहायचो. मग तिनं ते लिहिणं बंद केलं आणि मला वाटलं, सुधारली. पाच दिवसांपूर्वी आम्ही अकरावा घाणा लावला. कृतीचं कार्ड माझ्या कोटाच्या खिशात राहून कोटाबरोबर धुवायला गेलं होतं, आणि माझे दोन्ही हात हातमोज्यांत, गाळणीवर अडकलेले. म्हणून मी तोंडी मापं सांगत गेलो आणि ती ओतत गेली आणि लिहीत गेली. काल वही तपासताना मला दिसलं की व्हिनेगरमधलं आम्ल जिथं २९ मिलिलिटर घालायचं तिथं तिनं ३९ लिहिलंय. मी आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. ‘जेवढं तुम्ही सांगितलंत तेवढंच आहे, सर.’ मी म्हटलं, मी असं सांगेन? ती म्हणाली, ‘एकदा चालवून तरी बघू.’ मी म्हटलं, चुकलेलं चालवून काय बघायचं, टाकून दे. आणि पानावर लाल पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दोष’. तिनं ते पान वाचलं, वही बंद केली आणि पर्समधून एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं बोलावणं होतं. ‘त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय,’ ती म्हणाली, ‘मी हो म्हणणार आहे.’ तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झोप लागली असती.

बस वळणावर कलली आणि जीभ पुन्हा फटीत गेली. माझे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वेचून ते घरी यायचे तेव्हा शर्टाच्या खिशावर लाल ठिपका असायचा. ती पेन्सिलही मला त्यांच्याकडूनच मिळाली, म्हणजे तो ब्रँड आणि ती सवय. मी वसतिगृहात गेलो तेव्हा पहिलं पत्र चार पानांचं लिहिलं. नवे मित्र, खोलीतला कोळी, रात्रभर गळणारा नळ, घरची आठवण. आठवड्यानं तेच पत्र परत आलं, लाल खुणा करून. समासात बाण, काना, मात्रा, एके ठिकाणी ‘वाक्य तुटक’. शेवटी लिहिलं होतं, ‘बाकी मजकूर उत्तम. तुझे बाबा.’ मला तेव्हा राग आला नाही, मी हसलोच, मित्रांनाही दाखवलं. फक्त पुढची पत्रं दोन पानांची झाली, मग एका पानाची, मग पोस्टकार्ड. ‘मी ठीक आहे. परीक्षा जवळ आली.’ त्यात चूक व्हायला जागाच नव्हती. सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांनी जेवताना मान खाली घालून विचारलं होतं, ‘पत्रं लहान का झाली रे?’ मी म्हटलं, अभ्यास असतो. ते म्हणाले, हो, बरोबर आहे. हे सगळं मला चांगलं आठवत होतं, पण आजवर ते मी मुलाच्या खुर्चीत बसून आठवत आलो होतो. त्या सकाळी बसमध्ये, हातात दात घेऊन, मी पहिल्यांदा वडिलांच्या खुर्चीत बसलो. घाईबाईच्या वहीची शेवटची पानं डोळ्यांसमोर आली. नुसते आकडे. पोस्टकार्ड. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच उतरायचा थांबा मागं गेला.

एक थांबा उलटा चालत प्रयोगशाळेत पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आत नेहमीचा व्हिनेगरचा वास, हवा खेचणाऱ्या पंपाची एकसुरी घरघर, आणि खिडकीपाशी घाईबाई, स्वतःचं टेबल आवरत. तिचा कप, तिचं झाडाचं रोपटं, तिची ती न चालणारी तीन पेनं एका खोक्यात गेली होती. मी रुमाल तोंडावर धरून आत शिरलो. ‘सर, काय झालं?’ तोंड शक्यतो उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. ‘दात पडला,’ मी म्हटलं. ‘सफरचंदात.’ सफरचंदातल्या ‘स’वर अशी खणखणीत शिट्टी वाजली की पंपसुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. तिनं खालचा ओठ दातांत धरला. मी म्हटलं, हसायचं असेल तर हस. पण ती हसली नाही, जवळ आली आणि काळजीनं म्हणाली, ‘खूप दुखतंय का?’

‘अजिबात नाही. अक्कलदाढा आधीच दोन काढल्या होत्या. तीस होते, आता एकोणतीस राहिले.’

‘किती?’

‘एकोणतीस.’

ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. ‘थर्टी-नाइन?’ ती म्हणाली. ‘सर, माणसाला बत्तीसच असतात ना?’

पंप घरघरत होता. कुठंतरी काचेच्या नळीतून थेंब पडत होता, मी त्यातले पाच-सहा मोजले असतील. मग हळूच विचारलं, ‘एकोणतीस म्हणजे थर्टी-नाइन कसं?’ ती थोडी ओशाळली. ‘माझी शाळा पहिल्यापासून इंग्रजी. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आकडे इंग्रजीत. एकोणीस मला माहीत आहे, एकोणीस म्हणजे नाइन्टीन. म्हणजे एकोण म्हणजे नाइन. आणि तीस म्हणजे थर्टी. मग...’ तिनं दोन्ही हात जोडून दाखवले, नाइन आणि थर्टी. तिच्या या तर्कात एकही छिद्र नव्हतं. मी आयुष्यभर छिद्रं शोधत आलो आहे, मला ते सापडलं असतं. घाई नव्हती, निष्काळजीपणा नव्हता. तिनं मी सांगितलं ते ऐकलं, विचार करून त्याचा अर्थ लावला, मोजून ओतलं आणि जेवढं ओतलं तेवढंच प्रामाणिकपणे लिहिलं. आणि मी त्या पानावर काय लिहिलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

‘एकोण म्हणजे नऊ नाही,’ मी म्हटलं, आणि वडिलांचा आवाज माझ्याच शिट्टीतून ऐकू आला, कारण मला हे त्यांनी शिकवलं होतं, छापखान्याच्या पायरीवर बसून. ‘एक ऊन. एक उणा. तीस व्हायला एक कमी, तो एकोणतीस.’ ती ओठ हलवत ते मनात उलगडत राहिली. ‘म्हणजे त्या आकड्याच्या नावातच एक खड्डा आहे,’ ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. ‘म्हणजे मी दहा मिलिलिटर जास्त घातलं. तुमचं बरोबर होतं, सर. चूक माझीच.’ मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठरवता आलं नाही. विचारलं, ‘अकरावा टाकून दिलास?’

ती खोक्यातल्या रोपट्याकडे बघत म्हणाली, ‘घाईत राहून गेलं.’ मग ती माझ्याकडे वळली. ‘तुम्ही मला घाईबाई म्हणता ना. एकदा फोनवर घरी बोलताना ऐकलंय. तसं मीही तुम्हाला लाल पेन्सिल म्हणते.’ अकरावा मंद भट्टीत होता. चार दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं त्याचं धुण्याचं द्रावण बदललं होतं, आणि काल मी टाकून दे म्हटल्यावर पुन्हा एकदा धुऊन तो वाळायला ठेवला होता. घाईनं वाळवला तर पिंजरे आतल्या आत बसतात, म्हणून अगदी कमी आचेवर. मी म्हटलं, टाकून द्यायच्या वस्तूला इतकं कोण धुतं? ‘तुम्हीच म्हणता, टाकायचं तेही स्वच्छ करून टाकावं.’ बाटली अजून कोमट होती. पावडर नवव्यासारखी चमकदार नव्हती, जराशी मंद, पिठूळ. मी ती उजेडाकडे धरली. काड्यांची जागा अडवून बसायचं आणि धुताना निघून जायचं, हे त्या आम्लाचं कामच असतं. जास्त घातलं तर जास्त काड्या गैरहजर. गैरहजर काडीच्या जागी धातूचा एक हात मोकळा. मोकळा हातच काहीतरी पकडू शकतो. हे मी इतरांच्या लेखांमध्ये वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं आणि आळशी लोकांची सबब म्हणून सोडून दिलं होतं. माझ्या नवव्याच्या प्रत्येक गाठीचे सगळे हात कुणाच्या ना कुणाच्या हातात होते. अशा मंडळींकडे विष आलं तरी त्याला धरणार कोण?

‘आधी गुपचूप चालवून बघू,’ मी म्हटलं, आणि दारावर टकटक झाली. संचालकबाईंची दुसरी बैठक पुढं ढकलली गेली होती म्हणून त्या तासभर लवकर आल्या होत्या. ‘चालेल ना?’ त्यांनी विचारलं, आणि बसल्यासुद्धा. त्या बारीक अंगाच्या, शांत, आणि मनगटावरचं घड्याळ न बघता वेळ ओळखणाऱ्या. टेबलावर नववा तयार होता, तीन वर्षांच्या मेहनतीचा, तपासलेला, सुंदर. माझ्या हातात अकरावा होता, कधीच न चालवलेला, ज्याच्या पानावर दोष लिहिलेलं. न तपासलेली वस्तू मी आयुष्यात कुणाला दाखवली नव्हती. साधं पत्रसुद्धा मी तीनदा वाचून पाकिटात घालतो. घाईबाई माझ्याकडे बघत नव्हती, ती खोक्याची दोरी बांधत होती. जीभ फटीत गेली, तिथली हवा गार लागली. आणि मला कळलं की मला हे काम जाऊ द्यायचं नाही, आणि ही पोरगीही. दोन्ही एकाच बाटलीत होतं. मी तिला म्हटलं, ‘दोरी सोड. दोन पेले घे. एकात नववा, एकात अकरावा.’

संचालकबाईंना मी सांगू लागलो. ‘हा पदार्थ सच्छिद्र आहे.’ सच्छिद्र. त्या एका शब्दात माझ्या तोंडाची पूर्ण परीक्षा होती. शिट्टी, मग थुंकीचा एक बारीक तुषार, मग पुन्हा शिट्टी. बाईंचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पुन्हा सुरू केलं, ‘म्हणजे त्यात सूक्ष्म...’ आणि थांबलो. बायको म्हणाली होती, कमी बोला. ‘हीच सांगेल,’ मी म्हटलं. घाईबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग ती बोलू लागली, आधी भरभर, मग सावकाश. जिवाणू, पिंजरे, काड्या. पेल्यात विष नाही, विषाचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ आहे, तो तुटला की पाणी पिवळं होतं. मी इतकं सोपं कधीच सांगितलं नसतं. तिनं दोन्ही पेल्यांत पावडर सोडली आणि घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटात काही नाही. दुसऱ्यातही नाही. मी माझ्या बुटांकडे बघितलं, डाव्याची नाडी असमान बांधली होती. तिसऱ्या मिनिटाला ती अगदी हळू म्हणाली, ‘सर.’ अकराव्याच्या पेल्यात तळाशी रंग आला होता. आधी वाटला खिडकीच्या उजेडाचा, मग तो वर चढला, आणि सहाव्या मिनिटाला पेला काठापर्यंत पिकल्या लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक. शेजारचा माझा देखणा नववा नुसत्या पाण्यासारखा उभा. मला एवढा आनंद झाला की मी दात काढून हसलो, म्हणजे उरलेले. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग त्यांनाही आवरेना. तिघंही एका पिवळ्या पेल्याभोवती उभे राहून हसत होतो.

‘या दोघांत फरक काय आहे?’ डोळे पुसत बाईंनी विचारलं. मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. ‘मी एकोणतीस सांगितलं,’ मी शिट्टीसकट म्हटलं, ‘हिनं एकोणचाळीस ओतलं. माझं सांगणं तिला समजेल असं नव्हतं. काड्या कमी पडल्या आणि काम करायला वाट झाली. मी त्याला हे म्हटलं.’ त्यांनी तो लाल शब्द वाचला. ‘आणि आता काय म्हणाल?’ मी खिशातून पेन्सिल काढली, ‘दोष’वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘जागा’. बाई उठल्या. ‘असंच अजून दोनदा करून दाखवा,’ त्या म्हणाल्या. ‘तोवर खोल्या तुमच्याच.’ दारापाशी वळून त्यांनी माझ्या दाताची चौकशी केली. तुमच्या पावडरमध्ये जो धातू आहे, झिर्कोनियम, त्याच्याच कॅप दातांवर बसवतात ना, असं विचारलं. मी म्हटलं, हो, बसवतात. सावकाश बसवीन.

त्या गेल्यावर खोलीत पुन्हा पंपाची घरघर उरली. खोकं तसंच टेबलावर होतं. मला तिला थांब म्हणायचं होतं, तो शब्द बिनशिट्टीचा होता, तरी तोंडातून निघेना. मी वही तिच्याकडे सरकवली आणि म्हटलं, ‘लिही. जे घडलं ते सगळं. आकड्यांच्या शेजारीसुद्धा.’ ती बराच वेळ लिहीत होती. मी पाठमोरा उभा राहून पेला बघत राहिलो. मग खोक्याची दोरी सुटल्याचा आवाज आला, आणि तिनं रोपटं उचलून पुन्हा खिडकीत ठेवलं. ‘त्यांना नाही म्हणून कळवलंय,’ फोन खिशात टाकत ती म्हणाली. ‘बारावा आजच लावायचा का, सर?’ मी म्हटलं, लावू. पण यावेळी कार्डावर आकड्यात लिहून. ती म्हणाली, ‘नको. तोंडीच सांगा. मी शिकते.’ वहीत तिनं लिहिलं होतं, ‘सहा मिनिटं. फार सुंदर पिवळा. सरांचा दात पडला, बरं झालं’. ‘बरं झालं’ पुढं पूर्णविराम नव्हता. पेन्सिल माझ्या हातातच होती, मी ती कानावर अडकवली.

दुपारी ती आम्लाची बाटली तिरपी करून मोजत होती आणि ओतता ओतता पाढ्यासारखं म्हणत होती. ‘एकोणीस. एकोणतीस. एकोणचाळीस.’ थेंब थांबले, तिनं नळीतली पातळी डोळ्यांसमोर धरली, बरोबर एकोणचाळीस. आता तिला नियम सापडला होता आणि ती खुशीत पुढं निघाली होती, माझ्याकडे न बघता, भांडं ढवळत. ‘एकोणपन्नास. एकोणसाठ. एकोणसत्तर. एकोणऐंशी. एकोणनव्वद.’ मी श्वास रोखून ऐकत होतो. ‘एकोणशंभर,’ ती म्हणाली, आणि विजयी चेहऱ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ उचलली गेली, वर आली, आणि तिथल्या रिकाम्या जागेत जाऊन बसली. मी म्हटलं, ‘छान. आता झाकण लाव.’